मिस्त्रींनी बसवलेली गोधडी

"गोधडी म्हणजे शेवटी काय? मऊ फरशी!"

मिस्त्रींनी हे भर बैठकीत जाहीर केलं, तेव्हाच खरं तर कोणीतरी त्यांना थांबवायला हवं होतं. पण थांबवणार कोण? ते काम घरात एकट्या काकूंना जमायचं, आणि काकूंचा उजवा हात प्लास्टरमध्ये होता!

मिस्त्री म्हणजे फरशीवाले मिस्त्री. अर्धं गाव त्यांच्या कामावरून चालतं. दवाखाना, शाळा, बँक, सगळीकडे त्यांच्याच फरश्या. त्यांनी बसवलेल्या फरशीवर गोटी ठेवली तर ती कुठे जायचं याचा विचार करत तिथेच बसून राहते, असं ते स्वतः सांगतात. आणि काकू म्हणजे त्यांची बायको. गल्लीत कोणाच्याही घरी मूल झालं की आधी काकूंची गोधडी, मग नाव! आता तर खुद्द काकूंच्या लेकीचे दिवस भरत आले होते. पहिलं नातवंड! कापड आलेलं, पिवळं आणि निळं. दोरा आलेला. आणि काकू बाथरूममध्ये घसरल्या.

कशावरून घसरल्या, हे सांगायला नको. पण सांगतोच. दिव्याखाली अंधार म्हणतात ना, तसं मिस्त्रींच्या स्वतःच्या बाथरूममध्ये दाराशीच एक फरशी डुगडुगत होती. "उद्या बसवतो," असं मिस्त्री लेक बालवाडीत होती तेव्हापासून सांगत होते. लेक शिकली, नोकरीला लागली, तिचं लग्न झालं. फरशी तिथेच डुगडुगत होती.

"आई, पण मी बाळाला घरी आणणार ते तुझ्याच गोधडीतून, असं ठरवलं होतं," लेक फोनवर म्हणाली आणि तिचा आवाज ओला झाला. त्यातच मागून विहीणबाईंचा गोड आवाज आला, "अगं, रडतेस काय? त्यांची नाही जमली तर आपण आणलेली आहेच की! हत्तींची! बाजारातली सगळ्यात महाग!"

मिस्त्रींच्या काळजात कळ आली. फरशी त्यांची, गुन्हा त्यांचा, आणि नातवंड येणार बाजारच्या हत्तींत गुंडाळून! त्यांनी फोन हिसकावून घेतला.

"पोरी, गोधडी होणार! तुझा बाप करणार! तू फक्त नक्षी सांग!"

"साधी करा, बाबा," लेक घाबरत म्हणाली. "अगदी साधी."

आता 'साधी' म्हणजे काय, यावर जगात दोन माणसांचं एकमत होत नाही. जावई म्हणाले, "साधंच करा, एक फुटबॉलचं मैदान." विहीणबाई म्हणाल्या, "साधंच बरं, चार कोपऱ्यांत चार बदकं, मध्ये तळं, तळ्यात कमळ, कमळावर..." मिस्त्रींनी स्वतः आधी एक साधी नक्षी काढून पाहिली. मधोमध सूर्य, त्याच्या किरणांच्या पाकळ्या, कडेला लाटा. ती त्यांनी एका मोठ्या हॉटेलच्या दारात बसवली होती आणि तिला दोन महिने लागले होते. शेवटी काकूंनीच डाव्या हाताने कागद ओढून घेतला आणि त्यावर उभ्या-आडव्या रेघा मारल्या.

"चौकोन. एक पिवळा, एक निळा. झालं."

"चौकोन? अगं, चौकोन तर मी झोपेत बसवीन!"

"बरं. पण कापताना जरा..."

"तू बोलायचं नाहीस!" मिस्त्रींनी हात वर केला. "मी फरशी कापताना तू कधी मध्ये बोललीस का? मग? तू आराम कर. फक्त बघत राहा!"

काकूंनी त्यांच्याकडे एकदा नीट पाहिलं.

"बरं," त्या म्हणाल्या. "मी एक शब्द बोलणार नाही."

आणि त्यांनी जी मिठाची गुळणी धरली, ती धरलीच.

मिस्त्री कामाला लागले. माळ्यावरून पंज्याएवढी एक जुनी फरशी काढली, तीच माप म्हणून कापडावर ठेवली आणि फरशीबरहुकूम चौकोन कापले. बरहुकूमही नाही, केसभर कमीच! कारण दोन फरश्यांमध्ये सांधा सोडावा लागतो, हे त्यांच्या हाडीमांसी मुरलेलं. काकूंनी तोंड उघडलं. मग त्यांना आपला शब्द आठवला. तोंड मिटलं.

मग मिस्त्रींनी बैठकीच्या खोलीचा मध्य काढला. टेबल, खुर्च्या, सगळं सामान स्वयंपाकघरात गेलं. भिंतीपासून भिंतीपर्यंत सूत धरून रंगाची रेघ मारली आणि मध्यापासून चौकोन मांडायला घेतले. एक पिवळा, एक निळा, मध्ये सांधा. एकेका कापडावर लेव्हल ठेवून बुडबुडा मध्ये येतो का ते बघितलं. एक चौकोन किंचित उंच वाटला, म्हणून त्यावर रबराची हातोडी मारली!

तेवढ्यात दार उघडलं आणि विहीणबाई आत आल्या.

"थांबा!" मिस्त्री असे ओरडले की विहीणबाई एका पायावर उभ्या राहिल्या. "ताजं काम आहे! पाय ठेवायचा नाही!"

"अहो, पण हे तर कापड..."

"कापड असो, फरशी असो! मांडल्यावर पाय ठेवायचा नाही म्हणजे नाही! कडेने या. भिंतीला पाठ लावून."

विहीणबाई भिंतीला पाठ लावून, पर्स पोटाशी धरून, खेकड्यासारख्या आडव्या चालत खिडकीपर्यंत पोचल्या. एवढ्या चालण्याने त्यांना घाम फुटला. घाम फुटल्यावर माणूस जे करतो तेच त्यांनी केलं. पंख्याचं बटण दाबलं!

पुढचं वर्णन काय करायचं! अख्खी गोधडी उठली आणि बैठकीत फिरायला लागली. एक पिवळा चौकोन विहीणबाईंच्या अंबाड्यावर बसला. एक निळा थेट खिडकीबाहेर गेला, त्याच्यामागे मिस्त्री जिन्यावरून धावले. परत आले तेव्हा विहीणबाई कपाळावरचा घाम एका चौकोनाने टिपत होत्या.

"काही काळजी करू नका हं," जाताना त्या मायेने म्हणाल्या. "आमची आहेच तयार."

हे ऐकून मिस्त्री पेटलेच. त्याच दुपारी ते काकूंच्या मशीनवर बसले. शिलाई कशी? सरळ, ओळंब्यात! आणि मजबुतीसाठी चांगली दोन-दोन बोटं कापड आत दाबून. "नातवंडानं लाथा मारल्या तरी उसवता कामा नये!" काकू समोर पलंगावर बसून बघत होत्या. मधूनच त्यांच्या पायाचा अंगठा हलायचा, तेवढंच.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेवटची ओळ जोडून झाली. मिस्त्रींनी गोधडी झोकात झटकली, पलंगावर पसरली आणि दोन पावलं मागे येऊन बघितलं.

पलंगावर एक हातरुमाल पडला होता.

अगदी हातरुमाल नाही म्हणू. पण टीव्हीवर घालायचं कापड म्हणा. मिस्त्रींनी डोळे चोळले. चौकोन मोजले. सगळे हजर! मशीनखाली वाकून बघितलं. दोऱ्याचा डबा उपडा केला.

"कापड गेलं कुठे?"

काकू छताकडे बघत होत्या.

"अगं, बोल ना काहीतरी!"

काकूंनी ओठ घट्ट मिटले. आनंद काय असतो, तो त्या वेळी त्यांच्या चेहऱ्यावर बघायला हवा होता!

"आटलंय!" मिस्त्रींच्या डोक्यात एकदम प्रकाश पडला. "भिजवायचं राहिलं! फरशीसुद्धा आधी भिजवतात, मगच बसवतात. भिजवून चांगलं ताणतो, येतं की नाही बघ!" आणि गोधडी छातीशी धरून ते तरातरा बाथरूमकडे निघाले.

काकूंना सगळं दिसलं. गोधडी दिसली, मिस्त्रींची घाई दिसली, दाराशी डुगडुगणारी फरशी दिसली. त्यांनी शब्द मोडलाही. "अहो, फर..." एवढं म्हणेपर्यंत आतून आवाज आला. धप्प!

मग बादलीचा. मग तांब्याचा. मग बराच वेळ कसलाच नाही.

"बोलू का आता?" काकूंनी विचारलं.

"बोल," आतून क्षीण आवाज आला.

दवाखान्यात डॉक्टर तेच होते, काकूंना प्लास्टर घालणारे.

"काय मिस्त्री, कशावर घसरलात?"

"फरशीवर."

"कोणी बसवली होती?"

उत्तर दिलं काकूंनी, अगदी सविस्तर. डॉक्टर इतके हसले की प्लास्टर करताना त्यांना मध्ये दोनदा थांबावं लागलं. काकूंचा उजवा, मिस्त्रींचा डावा. दोघं शेजारी शेजारी घरी निघाली.

घरात पाऊल टाकलं आणि फोन वाजला. जावई होते. "आम्ही दवाखान्यात निघालोय! हो, आत्ताच!" आणि मागून तोच गोड आवाज, "त्यांना म्हणावं, गोधडीचं टेन्शन घेऊ नका! मी घेतलीय बरोबर!"

मिस्त्री पलंगावर बसले ते मान खाली घालून. समोर ते एवढंसं, अर्धं ओलं फडकं.

"मला वाटलं होतं, एक काम तरी तुझ्यासाठी नीट करावं," ते म्हणाले. "तुझा हात माझ्यामुळे मोडला. आता पोरीचं मनही."

काकूंना ते बघवेना. त्या शेजारी येऊन बसल्या.

"अहो, शिवणीत कापड आत जातं. दोन्हीकडून. म्हणून आधीच जास्त धरायचं असतं. तुम्ही धरलं कमी, दाबलं जास्त."

"हे तू आधी का नाही सांगितलंस?"

काकूंनी नुसतं बघितलं. मिस्त्रींनी प्रश्न मागे घेतला.

"आता नवं कापड आणून, कापून व्हायचं नाही," काकू म्हणाल्या. "हेच उसवून मोठं करता आलं तर बघायचं. पण चौकोन वाढवायचे कसे?"

मिस्त्री गोधडीकडे बघत राहिले. एक पिवळा, एक निळा. एकमेकांना चिकटून, अगदी खेटून. कुठेतरी काहीतरी खटकत होतं. आयुष्यभर चौकोन बघितलेल्या डोळ्यांना खटकत होतं.

"अगं!" ते एकदम उठले. "सांधे! सांधे भरायचे राहिलेत की! चौकोन कशाला वाढवतेस? मध्ये पांढऱ्या पट्ट्या घालू! प्रत्येक सांध्यात!"

काकू बघतच राहिल्या. मग म्हणाल्या, "कपाटात जुनी पांढरी चादर आहे. मऊ झालेली."

आणि मग त्या घरात जे शिवणकाम झालं ते कोणत्याही क्लासात शिकवत नाहीत. काकूंनी डाव्या हाताने कापड ताणून धरायचं, मिस्त्रींनी उजव्या हाताने उसवायचं. मशीनवर दोघं एकाच बाकावर दाटीवाटीने. पाय काकूंचे, हात दोघांचे, भांडण सामायिक.

"सावकाश!"

"तूच पाय जोरात मारतेस!"

"अहो, प्लास्टर काढा मधून, सुईखाली जाईल!"

"माझं नाही, ते तुझं आहे!"

इतकी वर्षं संसार झाला, पण दोघांनी मिळून एक काम कधी केलं नव्हतं. ते फरश्यांकडे, त्या गोधड्यांकडे. मिस्त्रींना हे मध्येच जाणवलं आणि त्यांना फार बरं वाटलं. तसं त्यांनी बोलूनही दाखवलं. काकू म्हणाल्या, "पट्टी वाकडी जातेय."

नात झाली. दोघं दवाखान्यात पोचली तेव्हा विहीणबाई हत्ती उलगडून तयारच होत्या. पण लेकीने आईच्या हातातली पिशवी बघितली आणि दोन्ही हात पुढे केले. पिवळे चौकोन, निळे चौकोन, मध्ये पांढरेशुभ्र सांधे. एक कोपरा थोडा तिरका. त्यात ती मूठभर पोर गुंडाळली, तर तिने एक जांभई दिली आणि झोपून गेली. मिस्त्रींच्या डोळ्यांतून पाणी आलं. ते पुसायला त्यांनी चुकीचा हात वापरला आणि प्लास्टर नाकावर आपटलं.

"नक्षी किती साधी, आणि किती छान दिसतेय हो!" विहीणबाईंनाही म्हणावंच लागलं. हत्ती घडी होऊन पिशवीत गेले. मिस्त्री त्या दिवशी जमिनीवरून चालत नव्हते.

आणि ज्या दिवशी लेक बाळाला घेऊन माहेरी येणार होती, त्या दिवशी सकाळी मिस्त्रींनी आणखी एक पराक्रम केला. लेक येणार, बाळ येणार. आता त्या दाराशी कोणी घसरलेलं चालणार नव्हतं. एका हाताने सिमेंट कालवून त्यांनी ती फरशी बसवली! पक्की! त्या निमित्ताने आजूबाजूच्याही चार उखडून नव्याने बसवल्या. लेव्हल लावून बघितली. दाराला आडवी फळी ठोकली आणि आल्या-आल्या सगळ्यांना बजावलं, "उद्या सकाळपर्यंत कोणीही आत पाय ठेवायचा नाही! ज्याला जायचं त्याने शेजारी जा!"

"आज?" काकू म्हणाल्या. "आजच?"

"इतकी वर्षं मागे लागली होतीस ना?"

मिस्त्रींनी नातीला गोधडीसकट मांडीवर घेतलं आणि सोबत आलेल्या विहीणबाईंना सांध्यांचं महत्त्व समजावायला सुरुवात केली. सांधा असा हवा की वरून पाणी ओतलं तरी खाली उतरता कामा नये, असं ते म्हणत होते. तेवढ्यात त्यांचा चेहरा बदलला. मांडी कोमट झाली होती.

नातीने पाणी ओतून बघितलं होतं. सगळ्या सांध्यांतून उतरलं होतं.

"धुवायला टाका पटकन!" लेक म्हणाली. "डाग पडेल!"

सगळ्यांनी बाथरूमकडे बघितलं. साबण आत. बादली आत. नळ आत. दाराला फळी.

विहीणबाईंनी एकही अक्षर न बोलता पिशवी उघडली. एकामागून एक सगळे हत्ती बाहेर आले.

मिस्त्रींनी ओली गोधडी हातात धरून मोठ्या आशेने काकूंकडे बघितलं. काकू छताकडे बघत होत्या.

"मी," त्या म्हणाल्या, "एक शब्द बोलणार नाही."