भित्र्या दाजींच्या फिल्लमा

दाजी सोहनी पालीला भीत, मांजराला भीत, आणि शेजारच्या आगरात नारळ पडला तरी उठून दाराला कडी घालत. आणि हेच दाजी रत्नागिरीत मारामारीच्या फिल्लमा काढत.

त्या काळी तंबूत मुके सिनेमे यायचे. बुरखेवाला वीर घोड्यावरून धावत्या गाडीवर उडी टाकायचा. दाजींनी मुंबईहून हाताने फिरवायचा एक जुना कॅमेरा आणला आणि त्या वीरांची टिंगल सुरू केली. त्यांचा वीर म्हणजे आमचा गणू न्हावी. तलवार फणसाच्या फळीची, बुरखा पंच्याचा, घोड्याच्या जागी म्हैस. ती मध्येच चरायला थांबली की वीर खाली उतरून तिच्या विनवण्या करायचा.

एकदा नायिका मी झालो. बायका कॅमेऱ्यासमोर येत नसत, म्हणून माझी मिशी काढून मला नऊवारी नेसवली. ओहोटीला भाट्याच्या खाडीत बांबू रोवला आणि मला त्याला काथ्याने बांधलं. गंमत अशी, की वीर सोडवायला येतो, गाठ सुटत नाही, म्हणून तिथेच डबा उघडून जेवायला बसतो.

गणूचं जेवण लांबलं आणि भरती लागली. पाणी गुडघ्याला आलं, कमरेला आलं. भिजलेली गाठ आता खरोखरच सुटेना. गणू कोयता आणायला पळाला.

"दाजी, अहो बुडतोय मी!"

"झकास! आणखी घाबर!" दाजी काठावरून हँडल फिरवत ओरडले. "भय कसलं मेल्या, फिल्लम तर आहे!" हे त्यांचं नेहमीचंच.

पाणी छातीला लागलं. एक लाट तोंडात गेली. मग मी ओरडायचा थांबलो, कारण तोंड उघडायचीच भीती वाटू लागली. तेव्हा दाजींचा हात थांबला.

घोट्यापलीकडे पाण्यात गेलेले दाजी मी कधी पाहिले नव्हते. ते आले. दात वाजत होते, डोळे गच्च मिटलेले, तोंडात रामरक्षा, आणि तीही चुकत होती. बांबूला मिठी मारून त्यांनी तो हलवून हलवून उपटला आणि मला बांबूसकट काठावर ओढलं. नंतर कितीतरी वेळ ते माझं मनगट सोडेनात.

फिल्लमची पट्टी मुंबईहून धुऊन आली तेव्हा त्यांनी मला घरी बोलावलं. मला वाटलं, आळी लोटली असेल. माजघरात भिंतीवर पडदा म्हणून धोतर ताणलेलं, आणि समोर एकट्या त्यांच्या आई. त्यांचा थोरला मुलगा, दाजींचा भाऊ, मचव्यावरून समुद्रात गेला तो परतलाच नाही; तेव्हापासून त्या अंगणातही उतरत नसत.

"आणि बाकीची मंडळी?" मी विचारलं.

"बाकीची कशाला? तिच्यासाठीच तर काढतो," दाजी हळूच म्हणाले. "एरवी हसत नाही हो ती."

म्हशीला पाहून म्हातारी पदर तोंडाला लावून खळखळून हसली. मग खाडी आली. पाणी माझ्या छातीपर्यंत चढलं, आणि दाजींचा हात थांबला होता तिथेच पट्टी संपून धोतर एकदम पांढरं झालं.

"दाजी! बाहेर आला ना रे तो?" आई किंचाळली.

"आला गो आई. हा काय, तुझ्या शेजारीच बसलाय."

त्या चाचपडत सरकल्या, माझ्या डोक्यावरून हात फिरवला, आणि माझे कोरडे ठणठणीत केस पदराने पुसू लागल्या. मी मान खाली घालून बसून राहिलो. त्या पुसतच होत्या.