सिस्टर वाघ बघायला गेल्या

कुसुम वानखेडे कुठेही मुक्कामाला गेल्या की आधी पलंग उसकटतात. चादर, उशा, रजई, सगळं उचलून खुर्चीवर. मग गादीवरून एकदा तळहात फिरवतात आणि पहिल्यापासून पलंग लावायला घेतात. चादरीचे कोपरे पंचेचाळीस अंशांत दुमडलेले, वरची घडी बरोबर एक वीत. त्या आमच्या शेजारीच राहतात, पण एका जानेवारीत त्यांचा घर तापवणारा बॉयलर बंद पडला म्हणून आमच्याकडे झोपायला आल्या. सकाळी त्या गेल्यावर मी पाहुण्यांच्या खोलीत डोकावलो, तर पलंग इतका देखणा दिसत होता की त्यावर बसायचा मला धीर होईना. माझी बायको मृणाल स्वतः डॉक्टर आहे. तीही दारात उभी राहून म्हणाली, "सतीश, ही चादर आता काढायची नाही."

कुसुमताईंना लीड्समध्ये कुणी कुसुमताई म्हणत नाही. त्या 'सिस्टर'. तेवीस वर्षांच्या असताना नागपूरहून नर्स म्हणून आल्या, इथल्या एका मोठ्या हॉस्पिटलात छत्तीस वर्षं काढली, त्यातली शेवटची अठरा वॉर्ड सिस्टर, म्हणजे वॉर्डाची मुख्य नर्स म्हणून. आता एकाहत्तर वर्षांच्या आहेत. लग्न केलं नाही. त्यांच्याहून वयाने मोठी माणसंसुद्धा त्यांना सिस्टरच म्हणतात, आणि म्हणताना थोडी ताठ उभी राहतात.

रिटायर होऊन बरीच वर्षं झाली, पण वॉर्ड काही त्यांच्या जिभेवरून उतरला नाही. घरातलं झाड सुकलं की ते 'सीरियस' असतं. नवीन पालवी फुटली की 'जनरल वॉर्डात हलवलं'. चौदा एप्रिलच्या कार्यक्रमाला आम्ही सगळे हॉलवर जमतो तेव्हा दारात सिस्टर उभ्या असतात आणि आत येणाऱ्या प्रत्येकाचे हात बघतात, धुतलेत की नाही. पाहुण्यांचं भाषण दहा मिनिटांच्या वर गेलं की त्या उठून खिडकीचे पडदे सरळ करायला लागतात. तिसऱ्या पडद्यापर्यंत भाषण संपतंच.

दीड वर्षापूर्वी बँकेने माझी नोकरी काढून घेतली. रिडंडन्सी. लोक भेटायला आले, हळहळले, माझ्याकडे बघून मान हलवून गेले. सिस्टर आल्या, चहा प्यायल्या आणि म्हणाल्या, "तुझी ट्रान्सफर झालीय. कुठल्या वॉर्डला ते अजून कळलं नाही, एवढंच." त्या दिवसांत मला बरं वाटेल असं बोललेलं हे एकच वाक्य मला आठवतं.

त्यानंतर काही महिन्यांनी त्यांनी जाहीर केलं की त्या वाघ बघायला जाणार आहेत. उत्तर हिंदुस्थानची बारा दिवसांची टूर होती. दिल्ली, आग्रा, भरतपूरचे पक्षी आणि शेवटी रणथंभोर. सगळीकडे मोठाली, राजेशाही हॉटेलं. आम्ही उडालोच, कारण सिस्टर स्वतःसाठी साधा नवीन कोटसुद्धा घेत नाहीत. मृणालने हळूच विचारलं की एवढं अचानक कसं काय. सिस्टर म्हणाल्या, "मी इंडियाला गेले ती नेहमी कामाला गेले. बाबांचा मोतीबिंदू, भावाचं लग्न, आईचं शेवटचं. बघायला म्हणून कधी गेलेच नाही." त्यांच्या एका गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं होतं आणि मी घरात बसून मृणालच्या पायात पायात करत होतो. तेव्हा मी सोबत जावं असं दोघींनी मिळून ठरवलं. मला नंतर कळवण्यात आलं.

दिल्लीच्या हॉटेलात शिरलो आणि मी मान वर करून बघत राहिलो. लॉबीचं छत एवढं उंच की वर चिमण्या उडत होत्या. फेटेवाला दरबान, पितळी तबकात गार टॉवेल, कुठूनतरी सतारीचा आवाज. मी ठाण्याचा मुलगा. अशा हॉटेलांच्या फाटकासमोरून बसने गेलेलो. सिस्टरही भोवती बघत होत्या, पण वेगळंच. "फरशी बघ," त्या म्हणाल्या. "कोपऱ्यातसुद्धा धूळ नाही. इथं कुणीतरी चांगली बाई आहे."

ती चांगली बाई त्यांनी तासाभरात शोधून काढली. झालं असं की खोलीत गेल्यावर त्यांनी नेहमीप्रमाणे पलंग उसकटला. पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या होत्या आणि टॉवेलांचे दोन हंस, चोचीला चोच लावून बसलेले. सिस्टरनी पाकळ्या वाटीत गोळा केल्या, हंस सोडवले आणि चादरीचे कोपरे काढले. तेवढ्यात हाउसकीपिंगच्या सुपरवायझर आल्या. शांताजी नावाच्या, पन्नाशीच्या, शांत चेहऱ्याच्या बाई. त्यांना वाटलं काहीतरी तक्रार आहे. त्या हात जोडून माफी मागायला लागल्या. सिस्टर त्यांच्या नागपुरी हिंदीत म्हणाल्या की तक्रार कसली, तुमची फरशी बघून मी खूश आहे, फक्त हा कोपरा जरा दाखवते. मी बाजूच्या खोलीतून आलो तेव्हा शांताजी आणि आणखी तीन मुली पलंगाभोवती उभ्या होत्या आणि सिस्टर शिकवत होत्या. मग शांताजींनी सिस्टरना हंस शिकवला. सिस्टरचा हंस बदकासारखा झाला. त्यावर पाचही जणी इतक्या हसल्या की मी दार लोटून निघून आलो.

दुसऱ्या दिवशी नाश्ता करून खोलीत परतलो आणि माझ्या पलंगाकडे बघितलं. चारही कोपरे पंचेचाळीस अंशांत होते.

आग्र्याला पहाटे ताजमहाल बघितला. धुक्यातून तो हळूहळू वर येत होता, कुणीतरी आतून दिवा मोठा करावा तसा. आमच्या ग्रुपमधले यॉर्कशरचे निवृत्त शिक्षक डेरेक यांनी पुस्तकातून माहिती वाचायला सुरुवात केली. सिस्टरनी त्यांच्या दंडावर हलकेच हात ठेवला आणि डेरेकनी पुस्तक मिटलं.  भरतपूरला सारस क्रौंचांची जोडी बघितली. खांद्याइतके उंच पक्षी, लाल मान, पाण्यात समोरासमोर उभे. एकाने पंख उघडून साद घातली, लगेच दुसऱ्याने. तो आवाज पाण्यावरून अंगावर आला. गाइड म्हणाला की जोडीतला एक गेला की दुसरा खाणंपिणं सोडतो असं लोक सांगतात. सिस्टरनी विचारलं, "खरं आहे का?" तो म्हणाला की त्याने स्वतः बघितलेलं नाही. "मग सांगू नका," सिस्टर म्हणाल्या आणि दुर्बीण डोळ्यांना लावली ती बराच वेळ काढली नाही.

रणथंभोरला आमचा मुक्काम तंबूत होता. तंबू म्हणजे आत झुंबर, पितळेचे पाय असलेला बाथटब आणि लिहायला मेज. जंगलात नेणारे गाइड भंवरसिंह. वीस वर्षं याच जंगलात, बारीक मिशा, हिरवा स्वेटर. पहिल्याच पहाटे सिस्टर जीपमध्ये त्यांच्या मागे बसल्या आणि म्हणाल्या, "हँडओव्हर द्या." भंवरसिंहांना कळेना. मी समजावलं की ड्यूटी बदलताना एक नर्स दुसरीला पेशंटची माहिती देते, तसं. भंवरसिंह अगदी गंभीरपणे सांगायला लागले. तळ्याकडची वाघीण, वय सहा. दोन पिल्लं, आठ महिन्यांची. परवा सांबर मारलं, त्यानंतर काही खाल्लेलं नाही. कालपासून दिसलेली नाही.

"पिल्लांचं वजन?" सिस्टरनी विचारलं.

"ठीक दिसतंय, मॅडम."

"बरं. चला."

पहिल्या फेरीत वाघ दिसला नाही. हरणं, नीलगायी, झाडाच्या ढोलीत एकमेकांना टेकून बसलेले दोन पिंगळे दिसले. तळ्याच्या काठावर मगर पडली होती. सिस्टरनी तिच्याकडे पाच मिनिटं निरखून बघितलं आणि निदान सांगितलं, "काही प्रतिसाद नाही. पण श्वास चालू आहे." दुसऱ्या फेरीतही वाघ नाही. डेरेकची बायको हिरमुसली. संध्याकाळी शेकोटीभोवती बसल्यावर ग्रुपमध्ये थोडी कुरकुर झाली की एवढ्या लांब येऊन काय मिळालं. सिस्टरनी जेवण अर्धं टाकलं. ताटात अन्न टाकणाऱ्या माणसाला त्या वीस मिनिटं सुनावतात, म्हणून माझं लक्ष गेलं. तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं की या बाईंना हा वाघ नुसता हौस म्हणून नको आहे. पण विचारायचा धीर झाला नाही.

तिसरी फेरी शेवटची. कडाक्याची थंडी होती. हॉटेलने प्रत्येकाला ब्लँकेट आणि गरम पाण्याची पिशवी दिली होती. मी सिस्टरच्या शेजारी बसलो होतो. तासभर काहीच नाही. मग डावीकडे एक सांबर ओरडलं, भोंगा वाजावा तसं. झाडावरची माकडं खेकसायला लागली. भंवरसिंहांनी हात वर केला, ड्रायव्हरने इंजिन बंद केलं.

वाळक्या गवताचाच एक तुकडा हलला आणि चालायला लागला. मला आधी वाघीण दिसलीच नाही, कातडीखाली सरकणारे तिचे खांदे दिसले. ती रस्त्यावर आली आणि थेट आमच्या दिशेने चालत राहिली. तोंडातून वाफ निघत होती. पावलांचा आवाज अजिबात नव्हता. एवढं मोठं जनावर आणि आवाज नाही, हे माझ्या डोक्यात बसेना. माझ्या बाजूने, हात लांब केला असता तर लागली असती इतक्या जवळून ती गेली. जाताना तिने मान वळवून आमच्याकडे एकदा बघितलं. त्या बघण्यात राग नव्हता, भीती नव्हती. आम्ही तिच्या हिशेबातच नव्हतो. स्वतःला महत्त्वाचं समजणं किती लहान आहे ते मला त्या दोन सेकंदांत कळलं, आणि गंमत म्हणजे त्याचं वाईट वाटलं नाही. मागून दोन पिल्लं आली, एकमेकांच्या शेपटीशी खेळत. मग तिघंही पलीकडच्या झाडीत मिसळून गेली.

 डेरेकच्या हातात कॅमेरा तसाच होता, त्यांनी एकही फोटो काढला नव्हता. सिस्टरच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि त्या ते पुसत नव्हत्या. मग त्या मराठीत, फक्त मला ऐकू येईल असं म्हणाल्या, "एवढी मोठी ड्यूटी तिची, सतीश. आणि बघ, जराही घाई नाही. मी छत्तीस वर्षं नुसती पळत होते रे."

लीड्सला परत आल्यावर आठवड्याभराने सिस्टरनी मला फोन केला. जवळच ओटलीला एका केअर होममध्ये, वृद्धांची काळजी घेतात तिथे, जायचं होतं, गुडघा दुखत होता, गाडी चालवता येईना. मी त्यांना घेऊन निघालो. वाटेत त्यांनी सांगितलं की तिथे मॉरीन आहे. बार्न्सलीची. नर्सेस होममध्ये, म्हणजे नर्सच्या हॉस्टेलात, पहिल्या हिवाळ्यात दोघींची खोली एकच होती. त्यानंतर वॉर्ड एकच, पुढे आयुष्यभर बस एकच. वाघाचं वेड मॉरीनचं. रिटायर झाल्यावर दोघींनी जायचं असं ठरलेलं, पण आधी मॉरीनच्या आईचं आजारपण आलं, मग सिस्टरचा गुडघा, आणि मग मॉरीनला एक दिवस घरी जायचा रस्ता आठवेना. चार वर्षं झाली. आता ती बोलत नाही.

खिडकीशी खुर्चीत पांढऱ्या केसांची, लहानशी बाई बसली होती. आमच्याकडे तिने बघितलं नाही. सिस्टर स्टूल ओढून तिच्या गुडघ्याला गुडघा लावून बसल्या आणि मराठीत बोलायला लागल्या. मी चकित होऊन बघत राहिलो. सिस्टर माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "शब्द तिला कुठलेच कळत नाहीत आता. सूर कळतो. मग माझा सूर ज्या भाषेत लागतो त्या भाषेत बोलते."

त्यांनी सगळं सांगितलं. चिमण्या उडणारं छत, शांताजी, धुक्यातला ताज. आवाज हळू, एकसारखा, लहान मुलाला थोपटावं तसा. मग जंगल आलं.

"किती थंडी होती, मॉरीन. तू माझ्या शेजारीच बसली होतीस. तू कुडकुडत होतीस म्हणून मी माझंही ब्लँकेट तुझ्या पायांवर टाकलं. आणि ती आली. तुझ्याच बाजूने आली. तू हात लांब केला असतास तर लागली असती. तू माझ्याकडे वळून बघितलंस, आणि आपण दोघी काही बोललो नाही."

मॉरीन खिडकीबाहेर बघत होती. तिच्या ओठांची कड जराशी हलली, किंवा मला तसं वाटलं.

त्या खोलीत मराठी समजणारा मी एकटाच होतो. मी उठून कॉरिडॉरमध्ये गेलो आणि दार लावून घेतलं.