तिचं हसणं आणि माझे दात

दातांच्या डॉक्टरकडे जायचं, हा निर्णय माझा. (घरातले मोठे निर्णय मीच घेतो. निस्तरायचं काम बायकोकडे असतं.)

आमची ही घरीच शिवणकाम करते. कात्री हाताशी असली तरी दोरा दातांनी तोडायची सवय. एकदा दोरा तसाच राहिला आणि दात तुटला. पाठोपाठ शेजारचाही काढावा लागला. तेव्हापासून समोर चांगलं खिंडार पडलं आणि हसू आलं की बाईसाहेब हाताला येईल ते तोंडापुढे धरू लागल्या. कधी मोजायची टेप, कधी कुणाची अर्धवट शिवलेली बाही. माझ्या विनोदांना हसणारं उभ्या जगात हे एकच माणूस, तेही बाहीमागे गेलं. मला तिचं ते हसणं परत हवं होतं.

"अहो, या वयात कुणाला दाखवायचेत दात?"

"मला."

यावर ती लाजली आणि तयार झाली. पण दवाखान्याच्या दारातच पाय अडखळले. "सुई टोचतील हो!"

"अगं, दिवसभर सुयांशीच तर खेळतेस!"

"तेव्हा सुई माझ्या हातात असते."

डॉक्टरीणबाई आमच्या मुलीच्या वयाच्या. त्यांनी टेबलावर प्लॅस्टरचे जबडे मांडले आणि प्रकार समजावले. एक, काढता-घालता येणारे दात. दुसरा ब्रिज, म्हणजे शेजारचे दात घासून त्यांच्या आधारानं बसवायचा. नाहीतर इम्प्लांट, म्हणजे हाडात स्क्रू बसवून त्यावर दात.

"पहिला हुकाचा, दुसरा शेजारच्या कापडाला धरून शिवायचा," ही म्हणाली. "आणि तिसरा..." तिसऱ्यातला स्क्रू आठवून तिचा चेहरा पांढराफटक पडला. तिनं पर्स उचलली.

आता काहीतरी करायलाच हवं होतं. मी टुणकन खुर्चीत जाऊन बसलो. "डॉक्टर, आधी माझे बघा. काही होत नाही हे हिला दिसू दे!"

डॉक्टरीणबाईंनी समोरचा एक दात हलवून पाहिला. तो हलला. शेजारचाही हलला. (घरात माझ्या सांगण्यावरून इतक्या चटकन काहीच हलत नाही.) एक्स-रे झाला, शुगर-बीपी विचारून झालं.

"काका, या दोघांना आता आधारच उरलेला नाही. आजच काढलेले बरे."

मी दाराकडे पाहिलं. तिथे ही उभी होती, पर्स छातीशी धरून. मी पळालो असतो, तर ती जन्मात या खुर्चीत बसली नसती.

"काढा," मी म्हणालो. आवाज कुणा दुसऱ्याचाच वाटला.

तशी ती पर्स ठेवून जवळ आली. मी तिचे दोन्ही हात घट्ट धरले. (तिला धीर द्यायला, असं मी सगळ्यांना सांगतो.) मग डोळे मिटले आणि जोरात ओरडलो.

"काका, अजून नुसता कापूस लावलाय."

पुढचं सगळं झाल्यावर, तोंडात कापसाचा बोळा आणि ओठ लोंबकळलेला, अशा थाटात मी हिला म्हणालो, "फघ, फाही फोत नाही!"

तिनं माझ्याकडे पाहिलं आणि तिला हसू फुटलं. तोंड झाकायला हात वर नेऊ गेली, पण हात माझ्या हातात! मग काय, हसली खळखळून, खिंडारासकट. इतक्या दिवसांनी ते हसणं दिसलं, आणि माझे डोळे भरून आले. मी तिचे हात सोडलेच नाहीत.

हसणं ओसरल्यावर हात सोडवून घेत तिनं डोळे पुसले आणि म्हणाली, "उठा आता. माझी पाळी."

तिनं ब्रिज घेतला. पाच-सहा खेपांनंतर तो बसला. आता ती दोरा कात्रीनं कापते आणि मोकळेपणी हसते. माझ्या हिरड्या भरून आल्यावर माझा विषय निघाला. मी ऐटीत इम्प्लांट म्हणणार, तोच ही म्हणाली, "यांना काढता-घालता येणारे द्या."

मला गहिवरून आलं. "स्क्रू मला सोसायचा नाही म्हणून ना गं?"

"नाही हो. गिऱ्हाईक आलं की तुमचे विनोद सुरू होतात. तेवढ्यापुरते काढून घेता आले पाहिजेत."

डॉक्टरीणबाई हसल्या. ही तर नवे दात मिरवत, खुर्चीला धरून हसत होती. माझ्या हाताला तिची पर्स लागली. तीच तोंडापुढे धरून मीही हसलो.