मखमलीवरचा चंद्र

चहाची गरम किटली मखमलीवर इतर कुणी ठेवली असती तर एक वेळ चाललं असतं. पण इराणातल्या काशानात चाळीस वर्षं मागावर बसून मखमल विणलेल्या नुसरतुल्लांनीच ती ठेवावी म्हणजे कमाल झाली! गडबडीने किटली उचलली, तर खाली लव दबून फिकट गोल उमटलेला.

ती मखमल म्हणजे कपडे बांधून ठेवायचं बासन, त्यांच्या बायकोचं, तूरानचं. तिच्या वडिलांनी, म्हणजे नुसरतुल्लांच्या उस्तादांनी, लेकीच्या लग्नासाठी विणून ठेवलेलं. दोन सुरूची झाडं, मधे हरणांची जोडी आणि वर फिकट चंद्र. त्या चंद्राने नुसरतुल्लांना वेड लावलं होतं. रेशीम तेच, रंग तोच, तरी तेवढाच गोल फिका! तीस वर्षं त्यांनी तो मागावर उतरवून पाहिला, एकदाही जमला नाही. उस्तादांना गुपित विचारावं, तर ते नुसते हसायचे. बिचारे हसतहसतच गेले.

आज दुपारी हे बासन नातीच्या, पूनेहच्या, रुखवतात जायचं होतं. आणि त्यावर आता दोन चंद्र होते.

तूरान नातीला घेऊन हमामला गेली होती. शेजारच्या गौहर खानमच्या अंगणात गुलाबपाण्याचा हंडा रटरटत होता. नुसरतुल्ला बासन काखोटीला मारून तिकडे धावले.

“खानम, जरा वाफ हवी होती.”

“कुणाला पडसं झालं?”

“मखमलीला!”

दोघांनी बासन वाफेवर धरलं. लव हळूहळू उठली, नवा चंद्र पुसट झाला, गेला. नुसरतुल्लांनी सुटकेचा निःश्वास टाकला आणि बासन पसरलं. जुना चंद्रही गायब!

“अहो खानम, उस्तादांचा चंद्र?”

“मला काय विचारता? विणकर तुम्ही!”

तूरान परतली तेव्हा नुसरतुल्ला बासन मांडीवर घेऊन बसले होते. “तूरान,” ते रडवेले होऊन म्हणाले, “तुझ्या बाबांचा चंद्र मी घालवला गं.”

तूरानने बासन उलटसुलट पाहिलं आणि ती हसत खालीच बसली.

“बाबांचा कुठला? तुम्ही आईंना घेऊन मला मागणी घालायला आलात ना, तेव्हा चहा आणताना माझे हात लटपटत होते. किटली ठेवली ती यावरच! बाबा म्हणाले, राहू दे, आठवण आहे.”

“आणि तीस वर्षं मी मागावर डोळे फोडत होतो ते?”

“तुम्ही बाबांच्या हाताची एवढी तारीफ करायचात, माझी जीभच रेटेना.”

“पण आजी,” पूनेह हिरमुसून म्हणाली, “मला चंद्रासकट हवं होतं.”

तूरानने डोळे पुसले. “अहो, किटली आणा. चांगली गरम करून.”

नुसरतुल्लांनी किटली आणली. ती ठेवताना त्यांचे हात लटपटत होते. तीस वर्षं मागावर न जमलेला चंद्र त्या दुपारी त्यांना पहिल्याच खेपेला जमला.