तपासणीचा डबा

नवजात बालकांच्या कक्षाला लागून दूधखोली होती आणि तीत दूधपावडरचे दोन प्रकारचे डबे असत: बाळांचे आणि तपासणीचा. बाळांचे डबे ओट्यावर उघडेच, आत ओला चमचा खुपसलेला. तपासणीचा डबा कपाटात, कुलपात. तपासनीस आले की नमुना त्यातूनच जाई आणि अहवाल येई, 'जंतू आढळले नाहीत.' भांडारप्रमुख काका तो चौकटीत घालून दारावर टांगत.

त्या आठवड्यात दोन बाळं तापाने फणफणली.

"काका, पावडरीत गुठळ्या झाल्यात," सिस्टर म्हणाल्या. "या एवढ्याशा जिवांना असलं बाधतं. फेकू का डबा?"

"अहवाल वाचलात ना दारावरचा?"

"तो कुलपातल्या डब्याचा आहे!"

"मग? उघड्या डब्याचा अहवाल चांगला येईल कसा?" काकांनी समजूत घातली.

दुसऱ्याच दिवशी काकांच्या लेकीला मुलगी झाली, दिवस भरायच्या आधी. मूठभर जीव, त्यात वरचं दूध सांगितलेलं. काका काचेतून नातीला पाहत राहिले. वीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचा स्वतःच्या चौकटीवर विश्वास बसेना.

त्यांनी कुलूप काढलं. "सिस्टर, हिला यातलंच द्या. चमचा कोरडा, पाणी उकळलेलं. आणि झाकण लावा हो!"

"बाकीच्यांना?"

काका खजील झाले, पण डबा एकच होता.

तो संपेपर्यंत नातीने बाळसं धरलं. तापलेल्या बाळांचा आकडा मात्र पाचवर गेला. तेवढ्यात तपासनीस आले. कपाट रिकामं! नाइलाजाने नमुना बाळांच्या डब्यातून घ्यावा लागला. अहवाल आला, 'जंतू आढळले.'

चौकशी समिती बसली. तिने सखोल विचारांती ठपका ठेवला तो तपासणीच्या डब्याच्या खासगी वापरावर. काकांना ताकीद मिळाली. असा प्रसंग पुन्हा येऊ नये म्हणून यापुढे कुलपात दोन डबे ठेवावेत, असा आदेश निघाला. नवा नमुना गेला, नवा अहवाल आला.

काका तो दारावर टांगत असताना तान्ह्याला घेऊन एक बाप आला. त्याने अहवाल शेवटपर्यंत वाचला, मान डोलावली आणि बाळ सिस्टरांच्या हातात दिलं. काकांच्या ओठांवर शब्द आले होते. पण त्याने विचारलंच नाही, की हा अहवाल कुठल्या डब्याचा.

तुम्ही तरी कधी विचारलंत?