मुरायला ठेवलेली शेगडी

"टक टक टक टक," शेगडी म्हणाली आणि गप्प बसली.

काकूंनी बटण पुन्हा फिरवलं. पुन्हा टकटक. काडी ओढून लावून पाहिली, तर काडी बोटापर्यंत जळत आली, पण मधला बर्नर काही पेट घेईना. डावी-उजवीकडचे दोन्ही बर्नर छान निळे जळत होते. काल दूध उतू गेलं होतं, त्याचाच हा प्रताप, हे काकूंनी ओळखलं. पण खरं संकट ते नव्हतंच. खरं संकट बाहेरच्या खोलीत पेपर वाचत बसलं होतं.

"काय झालं गं?"

"काही नाही हो! तुम्ही वाचा."

पण टकटक काकांच्या कानावर पडली होती. पेपरची घडी झाल्याचा आवाज आला आणि पाठोपाठ माळ्यावरून हत्यारांची पेटी उतरल्याचा.

काका म्हणजे सगळ्या बिल्डिंगचे काका. जन्म गेला विमा कचेरीत फायली सरकवण्यात, पण जीव सगळा पान्या-पकडीत. लग्न झाल्यापासून घरातली एकही वस्तू त्यांनी दुरुस्तीला बाहेर दिली नव्हती. इस्त्री, मिक्सर, पंखा, नळ, सगळं घरच्या घरी. सकाळी कचेरीत जाण्याआधी ते वस्तू खोलत, घाम पुसत पुन्हा जोडत, आणि बटण दाबलं की ती मख्खपणे बसून राही. काका मुळीच खचत नसत. "दुरुस्ती झालेली आहे. आता फक्त मुरायला हवी," असं सांगून ते डबा उचलून निघत. संध्याकाळी आल्या आल्या बटण दाबत, आणि वस्तू सुरू!

"बघितलंस? त्या मेकॅनिक लोकांना एवढा धीरच नसतो."

मुरण्याच्या त्या वेळात काय घडे, ते काकूंना आणि कोपऱ्यावरच्या मेकॅनिकला ठाऊक होतं. काकांची बस वळणावर दिसेनाशी झाली की काकू फोन करत. मेकॅनिक येई, "कोणी हो उघडलं होतं हे?" असं प्रत्येक वेळी नव्यानं विचारी, वस्तू चालू करी आणि चहा पिऊन जाई. पहिल्यांदा काकूंनी हे केलं ते नव्या नवरीच्या संकोचानं. नंतर सांगू सांगू म्हणता सांगायची वेळच निघून गेली. आणि खरं सांगायचं तर संध्याकाळी बटण दाबल्यावर या माणसाचा चेहरा जो काही फुले, तो बघायला काकूंना मनापासून आवडायचं.

मग काका रिटायर झाले आणि घरातल्या दुरुस्त्या मुरेनाशा झाल्या. काका दिवसभर घरात. काकूंना फोन करायला फट मिळेना. आधी टोस्टर मेला, मग रेडिओ. काका रोज बटणं दाबून बघत आणि मग स्वतःच्या हाताकडे बघत बसत. "हात गेला बहुतेक माझा," असं परवा ते पुटपुटले. नवरा म्हातारा झाल्याचं काकूंना चालणार होतं, पण त्यानं तसं म्हटलेलं चालणार नव्हतं. तेव्हा शेगडी पेटायलाच हवी होती, आणि तीही काकांच्याच हातून. त्यात संध्याकाळी लेक-जावई जेवायला येणार होते.

काका वाकून स्वयंपाकघरात शिरले. वाकून अशासाठी, की दारालगतच्या वरच्या कपाटाच्या बिजागऱ्या लग्नानंतर लगेच त्यांनीच बदलल्या होत्या, आणि तेव्हापासून त्या कपाटाचं दार अर्धवट उघडंच राहत होतं. सुतारकाम मेकॅनिकच्या धंद्यात बसत नसल्यानं ही दुरुस्ती काही मुरली नव्हती. घरची माणसं सवयीनं वाकत. नवा माणूस हटकून टेंगूळ घेऊन बाहेर पडे. जावईबापूंचं स्वागत त्या दारानंच केलं होतं.

"पहिला नियम," काकांनी गॅस बंद करून खिडक्या उघडल्या. "घाई करायची नाही."

"अहो, सांडलेलं दूध आहे ते. भोकं बुजली असतील."

"निदान करायचं काम माझं. तू सुई दे."

सुई आत गेली आणि अर्धीच बाहेर आली. उरलेली अर्धी गॅस यायच्या बारीक छिद्रात जाऊन बसली. काका म्हणाले, "हरकत नाही. तुलना करून बघू." तुलनेसाठी त्यांनी डावा बर्नर उघडला. डाव्या-मधल्यात फरक दिसला, तेव्हा निकाल लावायला उजवाही उघडला. तिन्ही बर्नरचे भाग ओट्यावर जमा झाले. तेवढ्यात ओटा पुसून घ्यावा म्हणून काकूंनी ते एका ताटात सरकवले.

"अगं, क्रम मोडलास!"

"क्रम होता?"

जोडणी झाली. गॅस सुरू करून काकांनी बटणं फिरवली. मधला पूर्वीसारखाच थंड होता. उजव्यानं त्याच्याशी एकी दाखवली. डावा तेवढा पेटला, पण असा पिवळा आणि उंच, की छताला काळा टिळा लागला. काकांनी झटकन गॅस बंद केला.

"मुरेल," ते म्हणाले. पण आवाजात दम नव्हता.

आता यांना घराबाहेर काढलंच पाहिजे, असं काकूंनी ठरवलं.

"अहो, भाजी संपलीय. आणता का?"

"तूच जाऊन ये ना. तेवढेच तुझे पाय मोकळे होतील."

"मग वाचनालयात तरी जाऊन या. पुस्तक बदलायचंय ना?"

"अजून वाचून व्हायचंय. तुझ्या बहिणीकडे गेली नाहीस बऱ्याच दिवसांत. जाऊन ये की आज."

"आज? संध्याकाळी पोरगी यायचीय, शेगडी अशी उताणी पडलीय, आणि मी बहिणीकडे जाऊ?"

"मी आहे ना इथे!"

"तोच तर..." काकूंनी जीभ चावली. हा माणूस आज इतका का चिकटून बसलाय, ते त्यांना कळेना. एरवी भाजीची पिशवी दाखवली की पाच मिनिटांत का होईना जाऊन येणारे काका, आज त्यांना उंबऱ्याबाहेर ढकलणं म्हणजे कपाट सरकवण्यातला प्रकार झाला होता.

शेवटी काकाच उठले. "शेगडीच्या कंपनीला एक तांत्रिक प्रश्न विचारून घेतो," असं म्हणून फोन घेऊन गॅलरीत गेले आणि दार लावून घेतलं. काकूंनी संधी साधली. न्हाणीघरात शिरून नळ सोडला आणि मेकॅनिकचा नंबर फिरवला. फोन लागेना. तो दुसऱ्या कोणाशी तरी बोलत होता. बादली भरून वाहायला लागली तेव्हा कुठे फोन लागला.

"भाऊ, लगेच या. शेगडी आहे. हे घरातच आहेत, पण काहीतरी करून मी त्यांना बाहेर..."

"काकू, निघालोच आहे मी. काकांचा फोन होता आत्ता."

"कोणाचा?"

"काकांचा. जिन्यातल्या जाहिरातीवरून नंबर घेतला म्हणाले. बायकोला बाहेर पाठवतो, तिला कळू देऊ नका म्हणाले." मेकॅनिकचा आवाज जरा खाली आला. "पूर्वी माझा हात लागला की संध्याकाळपर्यंत वस्तू सुरू व्हायची, म्हणाले. हिला वाटायला नको की मी आता कामाचा राहिलो नाही."

काकूंनी नळ बंद केला. डोळे पुसले. मग पदर सारखा करून त्या बाहेर आल्या आणि भाजीची पिशवी उचलली.

"मीच जाते बाई भाजीला. जरा निवांत येईन."

"निवांत ये, निवांत ये!" काकांनी इतक्या उत्साहानं दार उघडलं, की दुसरी एखादी बायको असती तर तिला संशय आला असता.

काकू फाटकाजवळच्या बाकावर जाऊन बसल्या. मेकॅनिक आला तसं त्यांनी त्याला अडवलं. "नीट ऐका. तुम्ही आमच्या घरी आज पहिल्यांदा येताय. त्यांना काही कळता कामा नये."

"माझ्या तोंडून शब्द निघायचा नाही, काकू."

आणि शब्द निघाला नाहीच. काकांनी दार उघडताच मेकॅनिकनं परक्या माणसासारखा नमस्कार केला, इकडेतिकडे पाहिलं आणि विचारलं, "स्वयंपाकघर कुठे म्हणालात?" पण हे विचारीपर्यंत पाय नेहमीच्या वाटेनं निघालेही होते. काका मागून ओरडले, "अहो, डोकं...!"

मेकॅनिक वाकला. न बघता, न थबकता, घरच्या माणसासारखा वाकून कपाटाच्या उघड्या दाराखालून पलीकडे गेला, शेगडीपाशी बसला आणि सवयीनं म्हणाला, "कोणी हो उघडलं होतं हे?"

काका एकदा त्या दाराकडे बघत होते, एकदा मेकॅनिकच्या डोक्याकडे. मग त्यांनी मिक्सरकडे पाहिलं. वर पंख्याकडे पाहिलं. मग स्टूल ओढून ते हळूच बसले.

"या दारानं तुम्हाला टेंगूळ कधी आलं होतं?"

मेकॅनिकचा हात थांबला. तोंड न उघडण्याचं वचन त्यानं दिलं होतं, पण खोटं बोलण्याचं दिलं नव्हतं. "फार वर्षं झाली, काका. तुमची इस्त्री होती तेव्हा."

"इस्त्री," काका म्हणाले. "आणि पंखा?"

"मला बोलायची बंदी आहे."

"मिक्सर?"

मेकॅनिक छिद्रातला सुईचा तुकडा काढण्यात एकदम गढून गेला.

"आणि नळ?" काकांनी हे इतक्या बारीक आवाजात विचारलं, की मेकॅनिकनं वर पाहिलं.

"नळ? छे, नळाचं काम मी करतच नाही. नळ तुमचाच, काका."

"नळ माझा," काका म्हणाले. काही वेळानं त्यांनी ते पुन्हा एकदा म्हटलं. मग उठून मेकॅनिकसाठी खुर्ची आणली, आणि शेगडी पेटल्यावर त्याला स्वतःच्या हातानं चहा करून पाजला.

काकू भाजी घेऊन परतल्या तेव्हा तिन्ही बर्नर निळे जळत होते. काका ओट्याशी हात मागे बांधून उभे होते.

"मुरली," ते म्हणाले.

"तुमचा हातच तसा आहे," काकू म्हणाल्या, आणि काका आज पहिल्यांदाच बर्नरकडे न बघता बायकोच्या चेहऱ्याकडे बघत राहिले. काकू लगबगीनं वाकून कपाटाखालच्या टोपलीत भाजी ठेवू लागल्या.

"उद्या सकाळी टोस्टर खोलतो," काका म्हणाले. "मग जरा वाचनालयात जाऊन बसेन. संध्याकाळपर्यंत."

"एवढा वेळ?"

"मुरायला नको का?" काका बाहेर जाता जाता थांबले. "नळ गळायला लागला, तर मात्र मला सांग. तो मी घरी थांबून करतो."

काकू ताडकन उभ्या राहिल्या, आणि इतक्या वर्षांच्या संसारात पहिल्यांदाच त्यांचं डोकं कपाटाच्या त्या दारावर खाडकन आपटलं.