गेनूभाऊंचं नेसूकं

पहिली शिफ्ट सुटली की आमचे फिटर गेनूभाऊ कंपनीचा निळा गणवेश उतरवत, धोतर नेसत आणि कमरेला उंदीर अडकवून मोशीच्या बसला उभे राहत.

उंदीर शिंगाचा, सुपारीएवढा, शेपूट अंगाभोवती घेऊन झोपलेला. त्यात ओवलेल्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला पानतंबाखूची चंची. दोरी करदोट्याखालून घेतली की उंदीर वर अडकायचा, चंची खाली झुलायची. "खिसा म्हंजी चोराला आवतान," ते म्हणत.

ही विद्या एका जपानी इंजिनिअरची. सत्तर सालानंतर केव्हातरी ते पिंपरीला आमच्याकडे मशीन बसवायला आले होते. एका सुटीच्या जेवणाला त्यांनी आपला देशी पोशाख घातला. पट्ट्याला तंबाखूची पिशवी, आणि ती घसरू नये म्हणून वर एक इवलंसं लाकडी माकड. त्याला ते 'नेत्सुके' म्हणाले.

गेनूभाऊ खूश. "नेसल्यावं लावायचं म्हून नेसूकं! आपलीच भाषा हाय की राव!"

तेव्हापासून जेवणाच्या सुटीत ते हॅक्सॉच्या मोडक्या पातीनं शिंग कोरत बसायचे. समोरच्याकडे टक लावून बघायचे. "हलू नगा राव, नाक निसटतंय," असं मला आठ दिवस ऐकवलं. पण कोरलेलं कुणाला दाखवतील तर शपथ! विचारलं की, "घरी लागतंय."

एका गुरुवारच्या सुटीत मला त्यांनी हुरड्याला बोलावलं. ओटीवर सरूवहिनी बसल्या होत्या. त्यांची दृष्टी काही वर्षांपूर्वी गेलेली, हे मला तिथंच कळलं. पुढ्यातल्या सुपात आमची अख्खी कंपनी होती: काठीवाला वॉचमन, ढेरपोट्या सुपरवायझर, वाकून नमस्कार करणारा जपानी. गेनूभाऊ संध्याकाळी एकेक माणूस त्यांच्या तळहातावर ठेवायचे. वहिनी बोटांनी चाचपायच्या, ते त्याची गोष्ट सांगायचे. कधीही न पाहिलेल्या कंपनीत वहिनी तासन् तास हिंडून यायच्या.

गेनूभाऊ कणसं भाजायला बांधावर गेले. मी सुपात शोधलं. "वहिनी, यात खुद्द गेनूभाऊ नाहीत?"

त्या गालात हसल्या. "न्हाई करायचे ते. टक्कल पडलंय न्हवं, मला कळंल म्हून भ्यात्यात. अजून कुरळं केस हायत म्हनून सांगत्यात."

"मग तुम्हाला कसं कळलं?"

"डोळा लागला त्यांचा की मी हळूच हात फिरवते." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "तुमी बोलू नगा हां, भावजी."

इतक्यात गेनूभाऊ गरम हुरडा घेऊन आले आणि पहिली मूठ त्यांनी वहिनींच्या ओंजळीत ठेवली. डोक्यावरची टोपी कानांपर्यंत ओढलेली होती. मी हुरड्याचं कौतुक केलं.